दोन सुलट, एक उलट आणि ट्रंककॉल

परवा मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चालले होते. आमची रिक्षा जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या कोपऱ्यावर वळली, तशी मावशीनं मान बाहेर काढून वर पाहिलं आणि म्हणाली, ‘‘अगं, नगारे उतरवले की काय?’’

मीही वर पाहिलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो उंच लोखंडी मनोरा. लहानपणी एसटीनं येताना घाट उतरला की गावाच्या आधी तो दिसायचा आणि ‘आलं गं गाव’ म्हणत आई पिशव्या गोळा करायला लागायची. मनोरा होता तिथंच होता. पण त्याच्या अंगावर जी मोठमोठी, नगाऱ्यासारखी दिसणारी गोल ताटं होती ती नव्हती. मी रोज त्या रस्त्यानं बाजारात जाते. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मोतीबिंदू झालेल्या मावशीच्या मात्र आलं.

येणारच. मावशीची सगळी नोकरी त्या मनोऱ्याच्या पायाशी गेली. १९७२ साली, लग्नाआधीच, ती पोस्ट आणि तार खात्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. या दोऱ्यांची टोकं एका भोकातून काढून दुसऱ्यात घालायची की दोन गावं एकमेकांना जोडली जायची. आमच्या घरात कुणी लहान मुलानं ‘मावशी काय काम करते?’ असं विचारलं, की आजोबा म्हणायचे, ‘ती मुंबईला आपल्या गावाशी शिवते.’

आजच्या मुलींना ‘ट्रंककॉल’ म्हटलं तर हत्तीची सोंड आठवेल. आधी कॉल बुक करायचा आणि मग वाट बघत बसायचं, कधी दोन तास, कधी अख्खी दुपार. घाई असेल तर ‘अर्जंट’, फारच घाई असेल तर ‘लायटनिंग’, पण त्याचे पैसे ऐकूनच माणूस गार व्हायचा. एका ठराविक माणसाशीच बोलायचं असेल तर ‘पीपी कॉल’. आणि एवढं करून लाइन लागली की पहिली मिनिटभर दोन्हीकडून नुसतं ‘हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?’ सुरू. शेजारपाजारच्यांनाही कळायचं की अमक्यांकडे मुंबईचा फोन आलाय, इतक्या मोठ्यानं बोलावं लागे.

रिक्षात मावशीला मी सहज विचारलं, ‘‘एवढी खरखर कशानं यायची गं?’’ तिनं त्याचं उत्तर दिलं नाही. तिनं मला एका बाईची गोष्ट सांगितली. तीस वर्षं नोकरीच्या गोष्टी ऐकवल्या तिनं आम्हाला, पण ही कधी सांगितली नव्हती.

साल १९८१ असावं. पावसाळा संपून थंडी सुरू झालेली. सकाळी सहाचा सुमार, मावशीची रात्रपाळी संपत आलेली. मुंबईहून पीपी कॉल आला, जवळच्या वाडीतल्या एका बाईसाठी. निरोप्या सायकलवर जाऊन तिला घेऊन आला. एक्स्चेंजशेजारी तारघरात काचेच्या दाराची लाकडी केबिन होती, त्यात ती उभी राहिली. बोर्डाच्या खोलीचं दार उघडं असलं की मावशीला ती केबिन समोरच दिसायची. बाईची आई आजारी म्हणून मुंबईला भावाकडे नेलेली होती. फोन त्या भावाचाच.

लाइन वाईट होती. भाऊ सांगत होता, ‘‘अक्का, आई राहिली नाही.’’ नेमकी ‘नाही’वर खरखर चढली. बाईला ऐकू आलं, ‘आई राहिली.’

‘‘राहू दे, राहू दे,’’ बाई मोठ्यानं म्हणाली. ‘‘बरं वाटेस्तवर राहू दे तिकडंच. इकडं कोण बघणार तिला?’’ आणि हसली. पलीकडं भाऊ गप्प. त्याला वाटलं अक्काला धक्का बसला, काहीतरी बरळतेय. इकडं तीन मिनिटं संपत आलेली.

मावशीच्या हेडफोनमध्ये मात्र ते ‘नाही’ आलं होतं. वर्षानुवर्षं खरखरीत कान रुतवून बसलेली माणसं ती. ज्वारीतून खडा निवडावा तसा शब्द वेचायचा त्यांना सराव. पण बोलणं चालू असताना ऑपरेटरनं मध्ये पडायचं नाही, असा नियम. काचेपलीकडची बाई पदर सावरत अजून हसतीच आहे. आता रिसीव्हर ठेवेल, घरी जाईल, घरात सगळ्यांना सांगेल की आई मुंबईलाच राहिली.

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘मग काय! की दाबली आणि म्हटलं, वहिनी, तुमचे भाऊ म्हणतायत, राहिली नाही. नाही, म्हणतायत.’’

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मावशी थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बोलली दोघं नंतर. बोलली कसली, रडली. दहा मिनिटं तरी झाली असतील. मी तिकिटावर तीनच लिहिली. आता काय माझी पेन्शन कापणार आहेत?’’

घरी आल्यावरही ती ‘नाही’ माझ्या डोक्यातून जाईना. आणि म्हणून हा विषय. एरवी बायकांच्या पानावर टेलिफोनच्या मनोऱ्याचं काय काम, असं तुम्ही म्हणाल. पण आपल्याकडच्या किती बायकांचं माहेर त्या मनोऱ्यावरून येत होतं, याचा हिशेब कुणी मांडलाय?

तर त्या नगाऱ्यांना मायक्रोवेव्हचे अँटेना म्हणतात. मायक्रोवेव्ह म्हटलं की आपल्याला ओट्यावरचं पापड भाजायचं खोकं आठवतं. लहरी त्याच जातीच्या, फक्त ओव्हनमध्ये सात-आठशे वॅटची ताकद पेटीत कोंडलेली असते आणि मनोऱ्यावरून जाणारी लहर साधारण एक-दोन वॅटची, म्हणजे टॉर्चच्या बल्बाइतकी. ही लहर उजेडासारखी सरळ रेषेत जाते. डोंगर आला की अडली. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाटीवरही फार लांब जाऊन चालत नाही. म्हणून साधारण चाळीस-पन्नास किलोमीटरवर एक, एकमेकांना ‘दिसतील’ असे मनोरे उभे करायचे, शक्यतो उंच माथ्यावर. एका मनोऱ्यानं पाठवायचं, पुढच्यानं झेलायचं, मोठं करायचं आणि त्याच्या पुढच्याकडे टाकायचं. झेलणाऱ्याच्या हाती मूळ ताकदीचा दहा लाखावा हिस्साही लागत नाही, तरी काम चालतं.

त्याआधी खांबांवरून तांब्याच्या तारा जायच्या. झाड पडलं, तार तुटली. कधी तर तार चोरून वितळवून तांब्याचे हंडे झालेले. त्यामुळे मायक्रोवेव्ह आलं तेव्हा एक्स्चेंजमध्ये पेढे वाटले होते म्हणे. मधली तारच गेली ना! शिवाय एका लहरीवर शेकडो बोलणी एकदम. हे कसं जमायचं ते मला मावशीच्या ऑफिसातल्या एका निवृत्त इंजिनियर काकांनी समजावलं. पेटीवर गाणाऱ्यांना चटकन कळेल. प्रत्येक बोलणं वेगळ्या पट्टीत चढवायचं. एक काळी दोनमध्ये, एक पांढरी चारमध्ये, एक त्याच्याही वर. सगळी एकाच वेळी सोडायची. पलीकडे ज्याची त्याची पट्टी ओळखून पुन्हा खाली मूळ सुरात आणायचं. बारा बोलण्यांचा एक गट, अशा पाच गटांचा साठाचा मोठा गट आणि असे गट चढवत चढवत एका लहरीवर ९६० बोलणी. कल्पना झकासच आहे.

पण ही सगळी व्यवस्था अॅनालॉग. म्हणजे आवाज जसा वर-खाली होतो तशीच लहर वर-खाली करायची, हुबेहूब. आणि इथंच ती खरखर शिरते. तुम्ही रेशनकार्डाची झेरॉक्स काढलीय. मग मूळ कार्ड सापडत नाही म्हणून झेरॉक्सची झेरॉक्स काढलीय. चौथ्या-पाचव्या वेळी काय होतं? काचेवरचा ठिपकाही नक्कल होतो, घडीची रेघही नक्कल होते आणि नाव दिसेनासं होतं. यंत्राला काय माहीत, नाव कोणतं आणि ठिपका कोणता? अॅनालॉग मनोऱ्याचं तेच. वाटेत जी बारीक खरखर मिसळली तीही आवाजाबरोबर मोठी करायची आणि पुढे ढकलायची. पुढचा मनोरा त्यात आपली भर घालणार. मुंबई ते आमचं गाव मध्ये सहा-सात मनोरे. शिवाय पट्ट्या नीट वेगळ्या राहिल्या नाहीत तर कुठल्या तरी तिसऱ्याच माणसाची कुजबुज पाठीमागं ऐकू यायची.

आणि ती पहाट? त्यावर काका चटकन म्हणाले, ‘‘थंडीत, वारा पडलेला असताना पहाटेच त्रास व्हायचा.’’ हवेचे थर साचतात, खाली गार, वर ऊबदार. लहर त्या थरांतून वाकडी होते, एकाच लहरीचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या वाटांनी थोडे मागेपुढे पोचतात आणि एकमेकांना मारतात. क्षणभर लहर क्षीण होते, खरखर वर येते, पुन्हा खाली जाते. त्या बाईच्या आईचं ‘नाही’ अशाच एखाद्या थरात बुडालं असणार. इतक्या साध्या कारणानं.

हे दुखणं मनोऱ्यांइतकंच जुनं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या खाडीवरून, डोव्हर ते कॅले, मायक्रोवेव्हवर बोलण्याचा प्रयोग १९३१ मध्ये झाला. लांबच्या लाइनीवर खरखर साठत जाते, त्याचं काय करायचं याचा विचार करणाऱ्यांमध्ये अॅलेक रीव्हज नावाचे ब्रिटिश इंजिनियर होते. पॅरिसमध्ये काम करत असताना १९३७ मध्ये त्यांना सुचलं की आवाज जसाच्या तसा पाठवायचाच कशाला? आवाज मोजायचा आणि आकडे पाठवायचे.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा मला चटकन दोन सुया आठवल्या. विणकाम करणाऱ्या मैत्रिणींना हे पुरुषांच्या आधी कळेल, अशी माझी खात्री आहे. समजा तुमच्या नणंदेकडे एक सुंदर स्वेटर आहे आणि तुम्हाला तसाच हवाय. एक रस्ता म्हणजे तो स्वेटर समोर ठेवून त्याचं चित्र काढायचं. त्यावरचा डागही चित्रात येणार, ओघळलेली बाहीही येणार. दुसरा रस्ता म्हणजे टाके मोजायचे. दोन सुलट, एक उलट, तीन सुलट. एवढंच कागदावर लिहून पाठवायचं. कागद चुरगळला, त्यावर चहा सांडला, तरी ‘सुलट’ आणि ‘उलट’ एवढं वाचता आलं की झालं. पलीकडची बाई नवी लोकर घेते आणि नवा कोरा स्वेटर विणते. तिच्या स्वेटरवर चहाचा डाग नसतो.

डिजिटल म्हणजे एवढंच, सुलट आणि उलट. इंजिनियर त्याला एक आणि शून्य म्हणतात. टेलिफोनवर आपला आवाज एका सेकंदात ८००० वेळा मोजला जातो. प्रत्येक मोजणीला २५६ पायऱ्यांपैकी एक पायरी द्यायची आणि ती आठ टाक्यांत लिहायची. म्हणजे एका बोलण्याला सेकंदाला ६४,००० टाके! अशी तीस बोलणी आणि व्यवस्थेसाठी दोन जागा मिळून वीस लाखांवर टाक्यांचा एक पट्टा. अशा पट्ट्यांना जोडून मोठे पट्टे. आणि प्रत्येक मनोरा आलेला पट्टा नुसता मोठा करत नाही, तो वाचतो, सुलट-उलट ओळखतो आणि स्वतः नव्यानं विणून पुढे पाठवतो. सातव्या मनोऱ्यावरचा पट्टा पहिल्याइतकाच कोरा. खरखर जिथल्या तिथं राहते.

रीव्हजना सुचलं खरं, पण त्या काळात एवढी मोजदाद करायची तर काचेच्या व्हॉल्व्हनी खोली भरली असती. ट्रान्झिस्टर आला, स्वस्त झाला, तेव्हा कुठं १९६२ मध्ये अमेरिकेत ही पद्धत रोजच्या फोनसाठी वापरात आली. आपल्याकडे १९७५ मध्ये मुंबई शहर आणि अंधेरी या दोन एक्स्चेंजच्या मध्ये ती पहिल्यांदा आली आणि १९७६ मध्ये देशातली पहिली डिजिटल मायक्रोवेव्ह जोडणी सुरू झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संशोधन संस्था निघाली. तिनं आपल्या उन्हाळ्यात, धुळीत टिकेल, वातानुकूलित खोली मागणार नाही असं छोटं डिजिटल एक्स्चेंज बनवलं आणि १९८६ मध्ये पहिलं बसवलं ते कर्नाटकात कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी. मग पुढची दहा-पंधरा वर्षं गावोगावी मनोऱ्यांखालची यंत्रं बदलत राहिली. बाहेरून कुणाला काही दिसलं नाही. मनोरा तोच आणि नगारेही पुष्कळ ठिकाणी तसेच. आत कपाटं बदलली. आपल्याला दिसला तो फक्त नाक्यावरचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आणि रात्री अकरानंतर पाव दर लागतो म्हणून तिथं लागलेली रांग.

आमच्या गावात हे सगळं नव्वदच्या सुमारास झालं. मावशीचा बोर्ड एका शुक्रवारी बंद पडला. पडला म्हणजे पाडला. लोक आता घरूनच नंबर फिरवणार, मध्ये शिवायला कुणी नको. सात ऑपरेटर बायका होत्या. कुणी बिलांच्या टेबलावर गेली, कुणी चौकशीच्या फोनवर, दोघींची बदली जिल्ह्याच्या गावी झाली. त्यातली एक मुलं लहान म्हणून वर्षभर रोज पहाटेच्या एसटीनं जाऊन-येऊन करत होती. नोकरी कुणाचीच गेली नाही, हे खरं. पण जो कान तयार करायला वीस वर्षं लागली, त्या कानाचं कुणाला काही काम उरलं नाही, हेही खरंच. नव्या यंत्रणेच्या कौतुकाच्या भाषणात या सात जणींचं नाव कुणी घेतल्याचं मावशीला आठवत नाही.

मला वाटलं, मावशीला त्याचा राग असेल. तिला विचारलंही. तर म्हणाली, ‘‘राग कसला? पहिल्या दिवशी मी घरून तुझ्या आईला फोन लावला. आवाज इतका स्वच्छ, मला वाटलं ती दाराआडच उभी आहे. पण ती बोलायची थांबली की सगळं सामसूम. मी घाबरले. म्हटलं लाइन गेली. हॅलो हॅलो करत बसले.’’

हे फक्त मावशीचं नाही बरं का! डिजिटल फोनमध्ये समोरचा गप्प झाला की इतकी शांतता पसरते की माणसाला फोन कटल्यासारखं वाटतं. म्हणून मोबाइल बनवणाऱ्यांनी पुढे काय केलं असेल? बोलण्यातल्या मोकळ्या जागेत मुद्दाम थोडीशी खोटी खरखर भरायची सोय केली. जी काढायला साठ वर्षं खर्ची घातली तीच पुन्हा, चिमूटभर, चवीपुरती. हे मावशीला सांगितल्यावर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

डिजिटलनं सगळी दुखणी संपली असं मात्र नाही. उलट त्या पहाटेच्या थरांचा त्याला जास्तच त्रास. अॅनालॉगवर लहर मंदावली की खरखर हळूहळू चढते, माणूस कान देऊन निभावून नेतो. डिजिटलवर टाके ओळखता येतात तोवर सगळं लख्ख आणि ओळखू येईनासे झाले की एकदम काळोख. टीव्हीवरही तुम्ही हा फरक पाहिलाय. छतावरच्या अँटेनाच्या काळात पडद्यावर मुंग्या यायच्या, पण मुंग्यांमधून रामायण दिसायचं. डिश आल्यावर चित्र सुरेख, मात्र पावसाची जोराची सर आली की चौकोन चौकोन आणि मग काहीच नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या मनोऱ्यांवर एकाखाली एक असे दोन-दोन नगारे लावायला लागले. एकाच्या वाटेत थर आला तर दुसऱ्याची वाट बहुधा मोकळी असते, ज्याचं चांगलं त्याचं घ्यायचं. आमच्या मनोऱ्यावर ही जोडी होती. आम्ही मुलं त्यांना नवरा-बायको म्हणायचो, वरचा कोण आणि खालचा कोण यावर भांडायचोही.

मी मावशीला म्हटलं, ‘‘मग ते जुनंच बरं नाही का? खरखरीतून निदान ऐकू तरी यायचं.’’

तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली! ‘‘कट झालं तर माणूस पुन्हा फोन लावतं. अर्धवट ऐकलं तर लावत नाही. त्याला वाटतं, आपल्याला कळलं.’’

ज्या गावांना हे नवं उशिरा मिळालं, त्यांचं काय झालं तेही सांगायला हवं. १९९४ च्या दूरसंचार धोरणात १९९७ पर्यंत देशातल्या सगळ्या गावांत फोन पोचवण्याचं ठरलं होतं. ते काही पुरं झालं नाही. आणि जे फोन पोचले त्यातले हजारो ‘मार’ नावाच्या अॅनालॉग रेडिओवर होते. नावातच मार! पंधरा गावांच्या पंधरा फोनांना मिळून फक्त दोन वाटा. दोन गावं बोलत असली की बाकी तेरा गावांनी गप्प बसायचं. वर सौर पत्रा, खाली बॅटरी. बॅटरी उतरली की फोनही उतरला. पुष्कळ गावांत ग्रामपंचायतीतला तो फोन कपड्याखाली झाकून ठेवलेला असायचा, देवासारखा, नुसता बघायला. बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी जीप बोलवायची तर कुणीतरी सायकलवर तालुक्याला पळायचं, फोन असून. पुढे २००० नंतरच्या वर्षांत असे लाखावर फोन बदलून डिजिटल यंत्रणेवर आणावे लागले. तोवर बऱ्याच ठिकाणी मोबाइलही येऊन पोचला होता. या ‘मार’विषयी अभिमानानं बोलणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

आणि आता? आमच्या मनोऱ्यावरचे नगारे उतरले, कारण लांब पल्ल्याचं बोलणं जमिनीखालच्या काचेच्या तारेतून, ऑप्टिकल फायबरमधून जातं. पण मायक्रोवेव्ह संपलंय असं समजू नका. तुमच्या गल्लीतल्या किंवा शेताकडेच्या मोबाइल टॉवरकडे नीट बघा. उभ्या लांबट पेट्या दिसतात त्या आपल्या मोबाइलशी बोलतात. त्यांच्याजवळ एखादा छोटा गोल डबा, डफासारखा, दिसतो का? तोच मावशीच्या नगाऱ्याचा नातू. जिथं फायबर खणून नेता येत नाही, नदी आडवी येते, घाट येतो, रस्ता खोदायची परवानगी मिळत नाही, तिथं तो डफ पुढच्या टॉवरच्या डफाकडे तोंड करून बसलेला असतो आणि आपलं बोलणं, आपले फोटो, मुलांचे ऑनलाइन तास सगळं त्यावरून जातं. त्याच्या लहरी अधिक बारीक, म्हणून त्याला पावसाचं वावडं जास्त. पण तोही आता शहाणा झालाय. आभाळ स्वच्छ असताना तो बारीक सुईनं नाजूक नक्षी विणतो, म्हणजे थोड्या वेळात खूप माल पाठवतो. धो-धो पाऊस लागला की जाड लोकर घेतो आणि साधे, मोठे, लांबून ओळखू येणारे टाके घालतो. काम हळू होतं, पण धागा तुटत नाही. जुलैत आपलं नेट संथ होतं, त्याची जी चार-पाच कारणं असतात त्यातलं हे एक. बाकीच्यांविषयी कंपनीला विचारायचं.

डॉक्टरांनी मावशीला पुढच्या महिन्यातली ऑपरेशनची तारीख दिलीय. परत येताना रिक्षातच तिच्या लेकीचा बंगळुरूहून फोन आला. आई, तारीख कळली का, मी रजा... आणि आवाज चिरकून तुटला. मी पटकन फोन हातात घेऊन ‘हॅलो, हॅलो’ करायला लागले. मावशी म्हणाली, ‘‘ठेव गं. लावेल ती परत.’’

मिनिटाभरात लावला. मावशीनं फोन कानाशी धरला, दुसरा कान बोटानं बंद केला, आणि ऑपरेटरच्या जुन्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत विचारलं, ‘‘येणार म्हणालीस, की येणार नाही म्हणालीस? नीट सांग. येणार? बरं. अठ्ठावीसला. अठ्ठावीस. हं, आता ठेव.’’